मुक्कामधून

जोंधळेकाकांना पोहोचवायला पंचगंगेवर जमलेल्या माणसांपैकी निम्म्यांच्या कानात इअरबड होते, आणि त्याचं कोणालाच काही वाटलं नाही. थोरल्या मुलाच्याही कानात होते. त्यानं सगळं नीट पार पाडलं, गुरुजींना मध्येच एकदोन शंका विचारल्या, लांबून आलेल्यांच्या चहाची चौकशी केली आणि परतताना गाडीत बसल्या बसल्या ऑफिसची मीटिंगही उरकली. “मुक्कामाला आहे तो,” असं बायका आपसांत म्हणाल्या. मुक्कामी माणसाचं सांत्वन करायचं नसतं, ही रीत एव्हाना कोल्हापूरच्या अंगवळणी पडली होती.

कंपन्यांना तर हे फारच मानवलं. घरात कोणी गेलं की जी रजा मिळायची ती त्यांनी गुपचूप काढून टाकली. रजा कशाला हवी, मुक्काम घ्या की, असं साहेब लोक अगदी मायेनं सांगू लागले. आता यावर काय बोलायचं?

ज्याच्यामुळे हे सगळं झालं तो ओजस बावडेकर त्याच गर्दीत मागे उभा होता. चाळिशी ओलांडलेला, पोट थोडं सुटलेला, चारचौघांसारखा माणूस. त्याच्याही कानात बड होते. जोंधळेकाका त्याचे सख्खे शेजारी, पण त्याला वाईट वाटत नव्हतं. चांगलंही वाटत नव्हतं. ऊन लागतंय एवढं कळत होतं.

ओजसचा रेडिओ मुळात अगदी निरुपद्रवी होता. व्हिडिओ गेममधलं संगीत वाजवायचं, ऐकणाऱ्यांनी इंटरनेटवरून फर्माइश करायची, मतं टाकायची, गप्पा मारायच्या. “पाण्याखालच्या पातळीचं लावा हो,” “त्या दलदलीतलं नको, डोकं दुखतं,” असा सगळा मामला. राजारामपुरीतल्या घराच्या मागच्या खोलीत त्यानं हा संसार मांडला होता, म्हणून नावही ठेवलं होतं ‘रेडिओ खोली’. ऐकणारे चारपाचशे. त्यांचा निम्मा वेळ ओजसशी वाद घालण्यात जायचा, आणि तो त्याला आवडायचा.

गेमचं संगीत म्हणजे काय, हे ज्यांनी कधी गेम हातात धरला नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. गाण्याला शेवट असतो आणि तो कधी येणार हे गाणाऱ्याला ठाऊक असतं. गेमच्या संगीतकाराला ही सोय नाही. खेळणारा पुलावर क्षणभर थांबेल की तिथेच जेवून येईल, हे त्याला काय माहीत? म्हणून तो सुरांचे तुकडे करून ठेवतो आणि खेळणारा जसा वागेल तसे ते जोडले जातात. शत्रू दिसला की ढोल, निसटला की बासरी. जुन्या गेममध्ये एक खोलीही असायची. तिथे शत्रू येऊ शकत नाही. दमलेल्या खेळाडूनं तिथे टेकायचं आणि खेळ कुठवर आला ते सेव्ह करून ठेवायचं. त्या खोलीत जे संगीत वाजायचं त्याला ओजसनं नाव दिलं होतं ‘मुक्कामधून’, म्हणजे मुक्कामाची धून. या धुनेची एक गंमत असते, ती समेवर येत नाही. तबलजी समेवर आला की ऐकणाऱ्याची मान आपोआप हलते, काहीतरी पुरं झाल्यासारखं वाटतं. मुक्कामधून मात्र सम जवळ आली की हळूच बगल देते आणि पुन्हा फिरायला निघते. खेळाडू किती वेळ बसेल याचा नेम नाही, तेव्हा तिला संपून चालत नाही.

मग जुई गेली. ओजस आणि गार्गीची एकुलती मुलगी, नववीत होती. मेंदूज्वर झाला आणि आठवडा पुरा व्हायच्या आत सगळं संपलं. गार्गीनं अंथरूण धरलं. जेवायची नाही, बोलायची नाही, कोणी दार वाजवलं तरी दचकायची. दोघांपैकी एकानं तरी उभं राहायला हवं, असं ओजसनं ठरवलं, आणि उभं राहण्यासाठी त्याला जे येत होतं तेच त्यानं केलं.

बाजारात तेव्हा असे बड मिळू लागले होते की जे कानाच्या आतून नाडी मोजतात, घाम आणि श्वास टिपतात. ओजसनं ते रेडिओला जोडले. छातीत कालवाकालव सुरू व्हायच्या आधी शरीर काही खुणा देतं. ठोका किंचित चुकतो, श्वास वर अडतो. त्या खुणा दिसल्या की रेडिओ त्याच क्षणी मुक्कामधून वळवायचा, आणि उमाळा समेपर्यंत पोहोचायचाच नाही. गेम जसा खेळणाऱ्याच्या चालीवर संगीत बदलतो तसा हा रेडिओ ऐकणाऱ्याच्या काळजावर बदलायचा. आठवण यायची, सगळं लख्ख आठवायचं, फक्त रडू यायचं नाही. “ते आत सेव्ह केलेलं असतं,” असं ओजस सांगायचा. “नंतर सवडीनं दार उघडायचं.”

दार म्हणजे फोनच्या पडद्यावरचं हिरवं बटण. ते दाबलं की धून हळूहळू समेवर यायची आणि अडवून ठेवलेलं सगळं बाहेर पडायचं. कोणी दार उघडतंय असं दिसलं की बाकीचे ऐकणारे “सावकाश जा” असं लिहायचे, एवढंच. परीक्षेची भीती चार दिवस लांबवणारी पोरं, घरच्या लग्नापुरतं वडिलांचं आजारपण बाजूला ठेवणाऱ्या मुली, सगळ्यांना बाहेर आल्यावर आपापलं रडू जसंच्या तसं परत मिळालं. त्यामुळे कोणाला शंका यायचं कारणच नव्हतं. बघता बघता लाखो लोक मुक्कामाला आले.

ओजसनं मात्र दार उघडलं नाही. आधी गार्गी सावरू दे, मग बघू. ती सावरायला तीन वर्षं गेली.

गार्गी फिजिओथेरपिस्ट. अर्धांगवायू झालेल्या माणसांना पुन्हा चालायला शिकवणं हे तिचं काम. पेशंट कळवळला की “दुखतंय ना? मग छान,” असं म्हणणारी बाई. जुईच्या दुःखातून ती तशीच आली, दुखत दुखत, एकेक पाऊल टाकत. पुन्हा कामावर जाऊ लागली. जुईचं नाव निघालं की डोळे भरायचे, पण आता नाव घेता येत होतं.

एका संध्याकाळी भेंडी चिरता चिरता ती म्हणाली, “आता तुझी पाळी.”

“कसली?”

“दार उघडायची. मी आता उभी आहे. तू पडलास तर धरेन.”

ओजसनं भेंडीची देठं गोळा केली. मग म्हणाला, “मोठं असेल गं ते. एवढ्या दिवसांचं साठलंय.”

“असू दे. मी आठवडाभराची सुट्टी टाकलीय. ताईला सांगितलंय, फोन करू नकोस. तांदळाची कणी आणून ठेवलीय, पेज तरी पोटात जाईल. तू माझं किती केलंस रे. मला करू दे की थोडं.”

तिला घाई होती, आणि ती का होती हे सांगायला हवं. त्या घरात जुईसाठी ती एकटी रडत होती. शेजारी बसलेला नवरा पाठीवरून हात फिरवायचा, पाणी आणून द्यायचा, कशात कमी नाही. पण जुई दोघांची होती. तिला तिच्याबरोबर रडणारं माणूस हवं होतं.

रेडिओच्या सल्लागार होत्या डॉ. शाल्मली चिकोडे. स्मरणशक्तीवर त्यांचं संशोधन होतं. एवढा लांबलेला मुक्काम माझ्यासमोरच सोडायचा, असं त्यांनी बजावलं होतं. त्यांच्या दवाखान्यात ओजस आरामखुर्चीत बसला. गार्गीनं त्याचा हात घट्ट धरला. समोर जुईचा फोटो होता. ओजसनं बटण दाबलं.

धून हळूहळू वळली. सूर एकमेकांकडे सरकू लागले, सम जवळ आली. गार्गीचाच श्वास वर अडकला. खाली रस्त्यावर एक भाजीवाला कोणाशी तरी हुज्जत घालत होता, ते ओजसला स्पष्ट ऐकू येत होतं. मग सम आली. त्याची मान हलली.

“काय वाटतंय?” डॉक्टरांनी विचारलं.

“सम छान आली,” ओजस म्हणाला.

त्यांनी आणखी थोडा वेळ वाट पाहिली. मग ओजसनं कानातले बड काढून टेबलावर ठेवले, आणि तीन वर्षांनी पहिल्यांदाच नुसत्या कानांनी जुईच्या फोटोकडे पाहिलं. फोटो चांगला आला होता. सहलीला गेलो तेव्हाचा, हेही त्याला आठवलं.

“येईल ना हळूहळू?” गार्गीनं विचारलं.

डॉ. चिकोडेंनी आपली खुर्ची ओजसजवळ ओढली. मग त्यांनी ओजसला विचारलं, “मुक्कामाला असताना तुम्ही तिची आठवण काढायचात?”

“रोज,” ओजस म्हणाला. “संध्याकाळी. फोटो काढून बसायचो. हॉस्पिटलमधला शेवटचा दिवस पहिल्यापासून शेवटपर्यंत आठवायचो. विसरायला नको म्हणून. आम्हा गेमवाल्यांना खोडच असते ती. खोलीत गेलं की आधी सेव्ह करायचं. केलेलं असलं तरी पुन्हा करायचं.”

“एकाच जागी?”

“म्हणजे?”

“आमच्या भाच्यानं एकदा असाच घोळ घातला होता,” डॉक्टर म्हणाल्या. “सेव्ह करायला जागा एकच होती. नवीन सेव्ह केलं की आधीचं पुसून जायचं. त्याला वाटलं, आपण जपून ठेवतोय.”

ओजसला कळलं. गार्गीला कळलं नाही. “जरा सरळ सांगा ना, डॉक्टर.”

“आपल्याला वाटतं की आठवण म्हणजे कपाटात ठेवलेली वस्तू. काढली, पाहिली, परत ठेवली. तसं नसतं. मेंदूतली आठवण दरवेळी काढली की ती थोडा वेळ ओली असते, आणि मग पुन्हा नव्यानं घट्ट होते. घट्ट होताना त्या वेळी मनाची जी अवस्था असेल ती तिच्यात मिसळते. यांनी रोज जुईला आठवलं आणि रोज मुक्कामधून चालू होती. म्हणजे रोज तीच आठवण थोडी थोडी कोरडी होऊन आत गेली. चार दिवसांच्या मुक्कामाला येणारे लोक त्या विषयाकडे फिरकतच नाहीत, म्हणून त्यांचं शाबूत राहतं. यांनी तिला विसरायचा प्रयत्न केला असता तर कदाचित सगळं तसंच राहिलं असतं.”

“म्हणजे आत काहीच साठलेलं नाही?” गार्गीनं विचारलं.

“नाही.”

“पायाला प्लास्टर घातलं की आतला स्नायू वाळतो,” गार्गी स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. “पण तो परत भरतो. मी भरून आणते. याच्यावर काहीतरी असेलच ना?”

डॉक्टरांनी जरा विचार केला. “एक करून बघता येईल. आठवण अजूनही काढली की ओली होणारच. त्या वेळी शेजारी खरोखर दुःख होणारं माणूस हवं. दोन माणसं समोरासमोर बसून मनातलं बोलू लागली की त्यांचे श्वास आणि ठोके हळूहळू एका चालीत येतात. हे मोजलेलं आहे. तुम्ही जुईबद्दल सांगायचं, यांनी ऐकायचं. रोज. तुमच्या चालीत हे आले तर ती आठवण पुन्हा भरेल. पण कोणी केलेलं नाही हे आजवर. आणि तुम्हाला रोज ते सगळं पुन्हा सोसावं लागेल.”

“सोसेन,” गार्गी म्हणाली.

रेडिओचं काय झालं, तेही सांगून टाकू. ओजस सरळ माणूस. त्यानं स्वतःच्या आवाजात रेडिओवरून सगळं सांगितलं. मुक्कामाला असताना जे आठवाल ते कायमचं कोरडं होईल, तेव्हा सांभाळा. लोक चिडतील, असं त्याला वाटलं होतं. त्या आठवड्यात ऐकणारे दुपटीनं वाढले. “कायमचं ना? नक्की?” असं विचारणारे निरोप येत राहिले. कोणी नवऱ्याचा फोटो समोर ठेवून बसलं, कोणी आईचा. ओजसनं रेडिओ बंद केला तर तोवर तसलेच दहा रेडिओ दुसऱ्यांनी काढलेले होते.

इकडे रोज संध्याकाळी दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी समोरासमोर बसू लागले. गार्गी शेवटच्या दिवसापासून सुरू करायची, कारण सगळ्यात दुखरं तेच होतं. त्या दिवशी जुईचा ताप जरा उतरला होता. शाळेत वर्गाचा फोटो काढणार होते आणि तिला काही करून जायचंच होतं. “आई, वेण्या घाल ना,” म्हणाली. गार्गीनं पलंगावर मागे बसून एक वेणी घातली. तेवढ्यात डॉक्टर आले, धावपळ झाली. दुसरी वेणी राहिली.

पहिल्या संध्याकाळी गार्गी पहिल्या वेणीच्या पुढे जाऊच शकली नाही. ओजसनं तिला पाणी दिलं. तो लक्ष देऊन ऐकत होता, अगदी मनापासून प्रयत्न करत होता. “केस कसे होते गं? दाट ना?” असं विचारायचा. त्याला माहीत होतं की दाट होते.

पुढच्या संध्याकाळी ती वेणीच्या पुढे गेली. त्यानंतर एकदा सगळं सलग सांगितलं आणि शेवटी हुंदका दिला. ओजस तिच्याकडे शांतपणे बघत होता. ती शांत नजर समोर असली की बरं वाटतं, असं तिनं त्याला सांगितलंसुद्धा. डॉ. चिकोडे मधून मधून फोन करायच्या. “यांच्यात काही फरक?” “अजून नाही,” गार्गी सांगायची. “पण आम्ही सोडलेलं नाही.” गार्गीत काही फरक आहे का, हे विचारायचं कोणाच्याच डोक्यात आलं नाही. आजारी ओजस होता. त्याला वर चढवायचं होतं. दोघांच्या हातात एकच दोर होता आणि तो दोन्हीकडून ओढला जातो, याचा विचार ना डॉक्टरांनी केला ना तिनं.

पावसाळा गेला, थंडी आली. टेबलाशी बसणं चालूच होतं. औषध वेळेवर घ्यावं तसं दोघं वेळेवर बसायचे.

“तिनं वेण्या घाल म्हटलं,” गार्गी सांगायची. “एक घातली. मग डॉक्टर आले, म्हणून दुसरी राहिली. उद्या सिलिंडर येणार आहे का रे?”

“परवा,” ओजस म्हणायचा. “पुढे?”

“पुढे तेच.”

मे महिन्यात आफरीन आली. आफरीन मुजावर, जुईची बालवाडीपासूनची मैत्रीण. बारावी पास झाली होती, चांगल्या गुणांनी. हातात पेढ्यांचा डबा होता. दारातच तिनं दोघांना वाकून नमस्कार केला.

“ये गं, बस,” गार्गी म्हणाली. “किती उंच झालीस.”

आफरीन बसली, इकडेतिकडे बघितलं, आणि भिंतीवरच्या फोटोपाशी येऊन तिची नजर थांबली. “काकू, निकाल लागला आणि पहिल्यांदा तिचीच आठवण आली. आम्ही ठरवलं होतं, पुण्याला एकाच होस्टेलवर राहायचं. ती म्हणायची, खिडकीजवळची कॉट माझी. मी भांडायचे. आता मला खिडकीजवळची कॉट मिळेल, काकू, आणि मला ती नकोय.” बोलता बोलता पोरीचा बांध फुटला. ओढणीत तोंड खुपसून ती रडू लागली.

ओजस आणि गार्गी तिच्या समोर बसले होते. दोघं तिच्याकडे बघत होते. त्यांना सवय होती तशी बसायची, सरळ, शांत, लक्ष देऊन.

“आणखी काय म्हणायची?” ओजसनं विचारलं. त्याला खरंच ऐकायचं होतं.

आफरीननं नाक पुसलं. “मुख्याध्यापकांची नक्कल करायची. वर्ग हसून हसून पडायचा.” ती पुन्हा हुंदकली, पण या वेळी कमी. “एकदा त्यांनीच मागून ऐकलं. पण रागावले नाहीत.” तिनं दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. “मग गॅदरिंगमध्ये तिला नाटकात घेतलं.” आवाज आता सपाट झाला होता. “तीन अंकी नव्हतं, छोटंच होतं.”

गार्गीचा धंदा माणसांची शरीरं वाचायचा. श्वास कुठे अडतोय, खांदा कधी सैल पडतोय, हे तिला न बघताही कळायचं. आफरीनचे खांदे खाली आले होते. तिचा श्वास संथ झाला होता. गार्गीनं स्वतःच्या श्वासाकडे लक्ष दिलं, मग ओजसच्या. तिघांचा श्वास एका चालीत चालला होता.

आणि मग तिला सगळं एकदम समजलं, आपल्यासकट. एखादं गणित समजावं तसं समजलं. तिनं मुद्दाम जुईला हाक मारून बघितली, मनातल्या मनात. वेणी आठवली, तेलाचा वास आठवला. बाकी काही नाही. त्याचंही वाईट वाटलं नाही.

“आफरीन, ऊठ,” ती म्हणाली.

“अं?”

“घरी जा. चल, मी फाटकापर्यंत येते.”

मुलगी गोंधळून उठली. फाटकाशी आल्यावर म्हणाली, “काकू, पुण्याला जायच्या आधी पुन्हा येऊन जाईन. अम्मीला पण यायचंय.”

“येऊ नकोस.”

“माझं काही चुकलं का, काकू?”

“नाही. तुला तिची आठवण आली की रडू येतं ना अजून?”

“हो.”

“मग इथे येऊन आठवण काढू नकोस. आमच्याजवळ तर अजिबातच नको. अम्मीजवळ काढ, मैत्रिणींजवळ काढ. आणि कानात ते काही घालू नकोस.”

“पण मी तुम्हालाच तर सांगायला आले होते. दुसऱ्या कोणाला काय कळणार जुई?” आफरीनच्या डोळ्यांत पुन्हा पाणी आलं. या वेळी ते अपमानाचं होतं. एवढ्या वर्षांच्या ओळखीच्या घरातून तिला कोणी असं कधी घालवलं नव्हतं.

इथे तिला जवळ घ्यायला हवं, हे गार्गीला माहीत होतं. कुठे हात ठेवायचा, किती दाबायचा, सगळं माहीत होतं. पण मग ती आणखी थोडा वेळ थांबली असती. गार्गीनं फाटक लावून घेतलं. आफरीन कोपऱ्यापर्यंत जाताना रडत होती, आणि ती रडते आहे याची खात्री होईपर्यंत गार्गी उभी राहिली.

आत ओजसनं डबा उघडला होता. “गेली?”

“गेली.”

“पुन्हा येणार आहे?”

“नाही. मी नको म्हटलं. तिच्याजवळ अजून आहे सगळं.”

ओजसनं क्षणभर विचार केला. मग त्याच्याही लक्षात आलं. “बरं केलंस,” तो म्हणाला.

मग दोघांनी एकेक पेढा खाल्ला. वेलची जरा जास्त झाली होती, यावर दोघांचं एकमत झालं.